पहिला पीस पिळ्ळैयारला

आमच्या कारखान्यात नव्या डायमधून निघालेला पहिला पीस पिळ्ळैयारला जायचा. पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपती. मशीनच्या मागच्या भिंतीवर पत्र्याची एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर काळ्या दगडाची वीतभर मूर्ती आणि मूर्तीच्या पायाशी तो पीस. पिसाला चंदनाचा टिळा, टिळ्यावर कुंकू, पुढे कापूर. पुढची नवी डाय येईपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच असायचा. मग जुना पीस भट्टीत वितळायला आणि नवा देवापुढे.

बाहेरच्यांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की पहिला पीस कधीच चांगला नसतो. नीट न तापलेल्या तव्यावरचं पहिलं धिरडं जसं तव्याचं, तसा हा. आमचे मालक माधव राव तो देवापुढे ठेवताना दर वेळी मला तेच म्हणायचे, "अक्का, इतकीं गिऱ्हाइकं आहेत, पण माल परत न पाठवणारा हा एकटाच."

माधव राव तंजावरच्या मराठी घरातले. त्यांच्या कित्येक पिढ्या तामिळ मुलखात गेल्या होत्या. त्यांच्या मराठीला तामिळची चाल होती आणि 'मी पाहिलों', 'मी सांगितलों' असं ते बोलायचे. माझं मराठी ऐकून त्यांना वाटायचं मी भांडतेय, आणि त्यांचं ऐकून मला वाटायचं हे कीर्तनाला उभे राहिलेत. दोघांच्याही अंदाजात थोडं तथ्य होतं.

मी तिथे क्वालिटी बघायची. म्हणजे कोणता पीस गिऱ्हाइकाकडे जाईल आणि कोणता परत भट्टीत, हे ठरवायची. यजमानांची बँकेतली बदली चेन्नईला झाली, वेस्ट मांबलमला बिऱ्हाड मांडलं, आणि धातुशास्त्राचा डिप्लोमा ट्रंकेत घालून घरी बसणं मला जमणारं नव्हतं. कंपनीची व्हॅन सकाळी स्टेशनजवळून घ्यायची आणि शहराच्या पार उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत नेऊन सोडायची. तेवढ्या वेळात माझ्या याद्या तयार व्हायच्या: करायच्या कामांची, विसरलेल्या कामांची आणि दुसऱ्यांनी विसरलेल्या कामांची. तिसरी सगळ्यात लांब असायची. ती कोणाला आवडायची नाही.

डाय कास्टिंग म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी आप्पेपात्र डोळ्यांपुढे आणायला सांगते. त्यावर तसंच दुसरं पात्र उपडं घाला आणि दोन्ही इतकी घट्ट दाबून धरा, की केसही आत जाऊ नये. आता पीठ पळीने घालायचं नाही, पिचकारीने मारायचं. पात्र म्हणजे पोलादाची डाय आणि पीठ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा रस. डोळ्याचं पातं लवायच्या आत डाय भरते, रस गोठतो, डाय उघडते आणि चकचकीत पीस बाहेर येतो. कडेने आलेली पापडी तोडून टाकली की झालं. सांगायला एवढं सोपं काम दुसरं नाही.

अ‍ॅल्युमिनियमचे गुण मी नव्या मुलांना बोटांवर मोजून दाखवायची. एक, वजन लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं. दोन, उष्णता लगेच बाहेर पळवून लावतं, म्हणून इंजिनाची झाकणं, मोटरची घरं, रस्त्यावरच्या दिव्यांच्या पेट्या याच्या. तीन, गंजत नाही. चेन्नईच्या खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरतं, पण लोखंडासारखं झडत नाही. चार, पातळ भिंती, खाचा, भोकं, फासळ्या, सगळं एका फटक्यात आणि दर वेळी तेच माप. करंगळी मी दोषासाठी राखून ठेवली होती. रस इतक्या जोरात आत घुसतो, की डायमधली थोडी हवा त्याच्याबरोबर कोंडली जाते.

ही करंगळी न ऐकलेलं एक गिऱ्हाईक आमच्याकडे होतं. इडलीचं पीठ दळायचे ग्राइंडर बनवणारे गृहस्थ. आमचे पीस आणखी कडक व्हावेत म्हणून त्यांनी आम्हाला न विचारता ते भट्टीत भाजले. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन दारात हजर. आत कोंडलेली हवा तापून फुगली होती आणि प्रत्येक पिसावर फोड आले होते.

"पाहा मॅडम, पुऱ्या झाल्या," ते म्हणाले.

राव टोपलीत डोकावले. "छान फुगल्यात. बटाट्याची भाजी तुम्ही आणलात का आम्ही करायची?"

दुसरे होते अण्णा नगरचे एक निवृत्त अधिकारी. कॉलनीच्या देवळासाठी त्यांना हलक्या घंटा हव्या होत्या, म्हाताऱ्या माणसालाही दोरी ओढता यावी म्हणून. मी एक पीस हातात धरून त्याच्यावर पाना मारला. ठक्. पुन्हा मारला. ठक्. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "हे देवाला ऐकू जाईल. भक्तांचं सांगता येत नाही." आणि घंटा पितळेच्या घ्यायला निघून गेले.

आता ओंकारची गोष्ट.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. चेन्नईच्या आसपास गाड्यांचे कारखाने उभे राहत होते आणि महाराष्ट्रातून इंजिनियर झालेली पोरं तिथे नोकरीला उतरत होती. ओंकार त्यातला. मूळचा कराडचा, मोटारसायकली बनवणाऱ्या एका कंपनीत लागलेला. पुरवठादारांकडे जाऊन माल तपासायचा, हे त्याचं काम. राहायचा मित्रांबरोबर अण्णा नगरला, पण रविवारी पिठलं-भाकरीच्या वासावर आमच्याकडे वेस्ट मांबलमला यायचा. कारखान्यात तो मला मॅडम म्हणायचा आणि घरी काकू. घाबरला की कारखान्यातही काकू.

नोकरी अजून कच्ची होती. कराडला वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि मुलाने ते सोडून इतक्या लांब जावं, हे त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं. निघताना ते एवढंच म्हणाले होते, "जाऊन ये. ते काही तुला कायम करत नाहीत. मी गादी झाडून ठेवतो." आणि फोन आला की विचारपूस त्याच वाक्याने संपायची, "गादी झाडलेली आहे हं."

"काकू, मला दुकान आवडत नाही असं नाही," ओंकार भाकरी मोडत म्हणायचा. "पण परत जायचं तर माझ्या मर्जीने. हरून जाऊन त्या गादीवर बसलो, तर बाबा जन्मभर काही बोलणार नाहीत. नुसते हसतील."

"आणि ते बोलण्यापेक्षा वाईट," आमचे यजमान म्हणाले.

"हो ना, काका."

त्याच सुमाराला आमच्याकडे त्याच्या कंपनीची एक डाय आली: मोटारसायकलच्या क्लचवरचं झाकण. बाहेरून दिसणारं, म्हणून दिसायला देखणं हवं. आत तेल, म्हणून पक्कं हवं. हा पार्ट पूर्णपणे ओंकारच्या हाती दिलेला होता, त्याचा पहिला. नवी गाडी बाजारात यायच्या आत झाकणांचा माल पास झाला तर तो कायम, नाहीतर गादी. सगळा हिशेब इतका सरळ होता.

डाय लावायचं काम मुरुगेशनकडे होतं. धिप्पाड, मिशाळ आणि मनाने अतिशय हळवा माणूस. त्याने बर्नरने डाय तापवली, रस ओतला आणि थंड डायचे नेहमीचे अर्धवट तुकडे काढून झाल्यावर पूर्ण भरलेला पहिला पीस निघाला. त्याच्या पाठीवर लाटा होत्या. याला आम्ही थंड रेघ म्हणतो. डाय पुरेशी तापलेली नसली की रसाला आत शिरता शिरता साय धरते. दोन बाजूंनी आलेले रस एकमेकांना भेटतात पण मिसळत नाहीत, आणि भेटीची खूण रेघेसारखी उमटते. दिसायला मोठी सुंदर, पण तिथेच पीस कच्चा राहतो. रावांनी तो पिळ्ळैयारपुढे ठेवला, टिळा लावला, कापूर ओवाळला आणि आम्ही कामाला लागलो.

ओंकार पोचला तो कापूर विझून गेल्यावर. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकला होता. तोवर डाय तापली होती आणि पीस आरशासारखे निघत होते. मी त्यातले निवडून फळीखालच्या टेबलावर एका ट्रेमध्ये मांडले होते. मला भट्टीकडून हाक आली, म्हणून जाता जाता त्याला म्हटलं, "नमुन्याचा पीस घे आणि पिशवी सील कर. उशीर नको करूस."

परत आले तेव्हा पिशवी सीलबंद होती आणि ओंकार पळायच्या तयारीत होता. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही, आणि फळीवरच्या हारफुलांआड पीस आहे की नाही, हे कोणी बघितलंही नाही.

त्याच्या कंपनीत नमुन्याची मापं घेतली, ती बरोबर भरली. क्वालिटीचे मुख्य नटराजन सार यांनी त्या पिसावर सही केली आणि तो कपाटात कुलूपबंद झाला. असा सहीचा पीस म्हणजे त्या मालाचा कायदा. पुढे येणारं प्रत्येक झाकण त्याच्याशी ताडून बघायचं. ओंकारने त्या रविवारी पेढे आणले. मांबलमच्या दुकानातले म्हैसूरपाक होते खरं तर, पण तो त्यांना पेढे म्हणत होता.

आणि पहिला माल अख्खा परत आला.

सोबतच्या शेऱ्यात लिहिलं होतं: पृष्ठभागावरची नक्षी नाही. मी ओंकारला फोन लावला.

"कसली नक्षी रे?"

"मॅडम, लाटांची. नमुन्यावर आहे ना. मधोमध, समुद्रासारखी. आमच्या तपासनिसांना ती प्रत्येक पिसावर हवी आहे."

"डायमध्ये लाटा कोरलेल्याच नाहीत!"

"मग तुम्ही डाय घासली का?" आणि मग आवाज एकदम बारीक झाला. "काकू, काहीतरी करा. नवी गाडी यायला आलीय."

नमुना त्यांच्या कपाटात आणि आम्ही गुम्मिडिपूंडीत. मला वाटलं, ट्रेमधल्या एखाद्या पिसावर माझ्या नजरेतून पुसट रेघ सुटली असेल. मग जे मी कधी केलं नव्हतं ते केलं. मुरुगेशनला बोलावलं आणि म्हटलं, "थंड रेघ काढून दे."

त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मॅडम, या रेघेवरून तुम्ही मला जितकं बोललात, तितकं माझी सासूही बोललेली नाही. आता तीच रेघ मागता?"

"मागते. काढ."

त्याने डाय गार होऊ दिली, पिचकारीचा जोर कमी केला, रस थंड केला. रेघ आली, पण लाटांची नव्हे, नदीसारखी. पुढच्या पिसावर म्हाताऱ्याच्या कपाळासारखी. त्याच्या पुढचा तर हातातच दुभंगला. मुरुगेशनला घाम फुटला. मला त्या दिवशी कळलं, की चांगलं काम पुन्हा पुन्हा तसंच करता येतं, पण बिघाड दर वेळी नवा निघतो. त्याची नक्कल होत नाही. इतकी वर्षं मी क्वालिटी बघत होते आणि ही गोष्ट कधी मनात आली नव्हती.

"मॅडम," मुरुगेशन हिरमुसून म्हणाला, "मला वाईट काम नीट जमत नाही."

त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र असावं. ते त्याने स्वतःच दिलं आणि त्याला कळलंही नाही.

शेवटी राव आणि मी नमुना बघायला ओंकारच्या कंपनीत गेलो. राव कँटीनमध्ये थांबले, आणि ओंकार मला नटराजन सारांच्या खोलीत घेऊन गेला. टेबलावर एक कागद नाही, कपाळावर भस्माचे पट्टे, मध्ये चंदनाचा टिळा. कोणाला कधी हसताना दिसले नव्हते, अशी त्यांची ख्याती. त्यांनी हातमोजे चढवले, कपाट उघडलं आणि मखमलीत गुंडाळलेला पीस माझ्यासमोर ठेवला.

लाटा होत्या. सुंदर, ओळखीच्या लाटा. कोपऱ्यात नटराजन सारांची सही होती, आणि सहीच्या शेजारी एक पिवळा ठिपका. मी पीस नाकाजवळ नेला. मग वर बघितलं. पिसावरचा ठिपका आणि नटराजन सारांच्या कपाळावरचा टिळा एकाच रंगाचे होते.

"एनी प्रॉब्लेम, मॅडम?"

"नाही, सार. पाच मिनिटं द्या," मी म्हटलं, आणि ओंकारला दंडाला धरून कँटीनमध्ये आणलं.

"हा पीस कुठून घेतलास तू?"

"टेबलाजवळून. वरच्या फळीवर होता."

"ट्रेमधला का नाही?"

"त्यांच्यावर ठिपका नव्हता, मॅडम. आमच्याकडे तपासून पास झालेल्या पिसावर पिवळा रंग लावतात. मला वाटलं, तुम्ही त्यातला सगळ्यात चांगला निवडून, ठिपका लावून वर जपून ठेवलाय. जरा लाल पण होतं, ते पुसलं गेलं." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरत गेला. "फळीवर ती मूर्ती होती ना? काकू... तो चंदनाचा होता?"

रावांच्या हातातली कॉफी हिंदकळली. त्यांना इतकं हसू आलं, की वाटीसारखा तो डवरा टेबलावर ठेवावा लागला. "म्हणजे आमच्या पिळ्ळैयारच्या पुढ्यातला नैवेद्य उचलून नेलास कीं रे तूं! आणि हे लोक तो कुलपात घातले!"

ओंकारला हसू येत नव्हतं. तो खाली वाकून म्हणाला, "कपाटाची किल्ली माझ्याकडे पण असते. संध्याकाळी चांगला पीस आत ठेवला आणि हा काढून घेतला तर? कोणाला कळणार नाही."

"आणि त्यांची सही? तीपण तू करणार?"

त्याने चष्मा काढला. डोळे भरून आले होते, पण इंजिनियर असल्यामुळे ते तो चष्मा पुसण्यात लपवत होता.

राव हसायचे थांबले. "ऐक. मी सांगतों त्यांना. आमच्या कारखान्यातून चुकून नको तो पीस गेला म्हणतों. तूं मध्ये बोलूंच नको."

मी रावांकडे बघितलं. चुकीचा नमुना पाठवणारा कारखाना म्हणून नाव झालं, तर पुढचं काम गेलं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. दुसऱ्याच्या चुका वाटून देण्यात माझा हातखंडा, पण ही कोणाच्या नावावर लिहायची ते मला त्या वेळी ठरवता येईना.

ओंकारने चष्मा डोळ्यांवर चढवला. "नको काका. तुम्ही नीट पीस काढून ठेवले होते. मीच सांगतो." दोन पावलं जाऊन तो परत वळला. "फार तर काय, गादी झाडलेली आहेच."

आम्ही तिघे आत गेलो. ओंकार उभाच राहिला. इंग्रजीत सुरुवात केली, मग तामिळमध्ये अडखळला, पुन्हा इंग्रजीवर आला, पण सगळं सांगितलं: फळी, ठिपका, मूर्ती, स्वतःचं न विचारणं. कपाटाच्या किल्लीचा विचार मनात आला होता, हेही सांगून टाकलं, जे सांगायची काही गरज नव्हती.

नटराजन सार पुतळ्यासारखे बसून होते. मग त्यांनी विचारलं, "कापूर दाखवून झाला होता का?"

"सार?"

"तू पीस उचललास तेव्हा. आरती झाली होती की व्हायची होती?"

ओंकारने घाबरून रावांकडे बघितलं.

"झाली होती, सार," राव हात जोडून म्हणाले. "मीच केलों."

नटराजन सारांनी मोठा श्वास सोडला. "मग ती चोरी नाही. आरतीनंतर प्रसाद होतो, आणि प्रसाद कोणीही उचलावा." त्यांनी पीस उचलला, ठिपक्यावरून हातमोज्याचं बोट फिरवलं आणि मग स्वतःच्या कपाळाला हात लावला. "रोज सकाळी मी हेच लावतो. आणि यावर सही करताना ओळखलं नाही. त्या सकाळी माझं काय लक्ष होतं?" मग पीस खाली ठेवून ते म्हणाले, "पण प्रसादाला व्हर्नियर लावून मापं घेणारा कारखाना जगात आपलाच."

आणि ते हसले. बाहेरच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघायला लागली.

पण हसून झाल्यावर ते पुन्हा नटराजन सार झाले. प्रसादाचा पीस त्यांनी स्वतः गुम्मिडिपूंडीला येऊन, नारळ-फुलांसह पिळ्ळैयारपुढे ठेवला आणि ट्रेमधल्या पिसावर नवी सही केली. ओंकारला हुकूम झाला: नवी गाडी बाजारात येईपर्यंत रोज गुम्मिडिपूंडीला जायचं, एकेक झाकण हाताने तपासायचं. कायम करायचं की नाही, ते नंतर बघू.

ते 'नंतर' लांबलं. त्याच्याबरोबर लागलेली पोरं एकेक करून कायम झाली. याला काहीच कळवलं गेलं नाही. तो माझ्याबरोबर व्हॅनने यायचा, मुरुगेशनच्या शेजारी उभा राहून गरम पीस हातमोज्याने उचलायचा, थंड रेघ कुठे धरते ते बघायचा. पहिल्या आठवड्यात मुरुगेशन त्याच्याशी बोलतच नव्हता. पिळ्ळैयारचा पीस नेला म्हणून नव्हे, तर त्याच्या आरशासारख्या पिसांना सोडून लाटांचा उचलला म्हणून. कलावंताचा राग होता तो. पुढे दोघांची इतकी गट्टी जमली, की ओंकारची तामिळ आजही मुरुगेशनच्या गावच्या वळणाची आहे म्हणतात.

वडिलांचा फोन व्हॅनमध्येच यायचा. "काय झालं रे तुझ्या त्या कायमचं?"

"होईल, बाबा."

"गादी—"

"झाडलेली आहे. माहितीय."

आणि फोन ठेवून तो बाहेर बघत बसायचा. मी यादीत डोकं घालायची. काही वेळा धीर देणं बरं दिसत नाही.

माल पास झाला. गाडी बाजारात आली. त्यानंतरही काही दिवस गेले, आणि मग एका दुपारी ओंकार धावत कारखान्यात आला आणि सगळ्यांदेखत मला "काकू!" म्हणून ओरडला. पहिल्यांदाच तो घाबरून तसं म्हणत नव्हता.

मुलगा कायम झाला म्हटल्यावर वडील बघायला आले. पांढरा सदरा, पायात कराडी वहाणा. त्यांनी सगळा कारखाना हिंडून बघितला. भट्टीपुढे उभं राहून, "लोखंड बरं, निदान उकळत तरी नाही आमच्या दुकानात," असा शेरा मारला. मग पिळ्ळैयारच्या फळीपुढे थांबले. नव्या डाय आल्या होत्या, पण लाटांचा पीस रावांनी वितळू दिला नव्हता. त्यावर कंपनीची 'पास' लिहिलेली पट्टी आणि नटराजन सारांची सही अजून तशीच होती.

"हाच का तो?"

"हाच," राव म्हणाले. "आमच्या कारखान्यातला सहीचा देव."

"मला द्या की."

"देवापुढचं आहे हो तें."

"आरती झालीय ना?" वडील म्हणाले. मुलाने त्यांना सगळी गोष्ट सांगितलेली दिसत होती. "मग प्रसाद. कोणीही उचलावा."

राव खूप हसले. ताजं चंदन उगाळून टिळा लावला आणि पीस फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिला.

आता राव नाहीत. कारखाना त्यांचा मुलगा बघतो. पीस उचलायला यंत्राचा हात आलाय, आणि डाय तापेपर्यंतचे सगळे पीस तो कोणाला न दाखवता थेट भट्टीकडे ढकलतो. माल पूर्वीपेक्षा चांगला निघतो, हे मी क्वालिटीवाली म्हणून मान्य करते. पिळ्ळैयारची फळी आहे. तिच्यावर पीस नसतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही कोल्हापूरकडे जाताना कराडला उतरलो. ओंकार तेव्हा त्याच कंपनीत, चेन्नईतच, मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या वडिलांचं दुकान बाजारपेठेत आहे. आत गेले तर म्हातारे गल्ल्याशेजारी एका स्टुलावर बसून गिऱ्हाईक करत होते. मागे पांढरीशुभ्र, सुरकुती नसलेली गादी होती.

"या, या, ताई! अरे, चहा सांग. बसा."

मी चालून दमले होते. गादी रिकामी दिसली, म्हणून तिकडे वळले.

"तिथं नको, ताई," ते घाईने म्हणाले. "ती जागा भरलीय."

तेव्हा मला दिसलं. लोडाला टेकून ठेवलेलं क्लचचं झाकण, पाठीवर लाटा, आणि सहीच्या शेजारी त्याच सकाळी लावलेला ओला टिळा.